साऱ्या कागदात एकच 'करील'

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं, तर एका साहेबाचा रोहू अडवून धरला.

महिन्याचा शेवटचा दिवस, अन् बाजाराचा दिवस. मी खवले काढले, पोट साफ केलं, तुकडे करून बायकोकडे सरकवले. तिनं रद्दीच्या गठ्ठ्यातला वरचा कागद उचलला अन् नेहमीसारखी वाचत बसली. साहेब नवीन होते, खाणीच्या ऑफिसात बदलून आलेले. मोटरसायकल चालूच ठेवून उभे.

"बाई, गुंडाळा ना लवकर."

"वाचून राह्यली ना."

"अहो, मासा गुंडाळायचाय. परीक्षा द्यायची नाही."

"साहेब, हा कागद तुमच्याच खात्याचा हाये. मधातच फाटला. पुढं काय लिवलं असंन, तुमाले मालूम हाये का?"

साहेबांनी मोटरसायकल बंद केली, वाकून कागद पाहिला, डोकं खाजवलं. त्यांना काही माहीत नव्हतं.

"मंग थांबा," ती म्हणाली.

साहेब थांबले. माशा हाकलत मी थांबलो. तिनं तो कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवला अन् साहेबांचा रोहू दुसऱ्या, आधीच वाचून झालेल्या कागदात बांधून दिला. मग मला म्हणाली, "हा घरी पुन्हा वाचू. उद्या एक तारीख हाये, धुतलेला सदरा काढून ठेवजा." मी हो म्हटलं. पाट धुतला, विळी पुसली, टोपलं उचललं अन् घरी आलो. एवढंच. शेवटचं आहे हे ठाऊक असतं तर साहेबांना अजून घटकाभर उभं केलं असतं.

आमच्या घुग्घुसच्या रस्त्यावर तिला सारे गॅझेटबाई म्हणायचे. गॅझेट म्हणजे सरकारचं राजपत्र. नवा कायदा, नवा हुकूम, कोणाची जमीन घेणार, कोणत्या कंपनीला काय परवानगी, ते सारं त्यात छापून येतं. तिचे वडील नागभीडकडे कचेरीत चपराशी होते. जुनी राजपत्रं घरी आणायचे अन् भिंतीची माती झडू नये म्हणून खळीनं भिंतीला चिकटवायचे. ती वाचायला शिकली ती त्या भिंतींवर. सांगायची, "आमच्या चुलीजवळ वनखातं होतं, खाटेजवळ जमीन महसूल, अन् दाराच्या मागं कंपनी कायदा. आई मारायले धावली का मी दारामागं लपत होती, म्हणून मले कंपनी कायदा जास्ती येते."

सातवी शिकलेली. मी चौथी, तीही कशीबशी. लग्न झालं तेव्हा मला वाटलं, शिकलेली बायको मिळाली, आता चिठ्ठीपत्री वाचून दाखवील. तिनं पहिल्याच महिन्यात आमच्या मच्छीमार संस्थेच्या तलावाचा भाडेपट्टा वाचून दाखवला अन् माझी झोप उडवली.

मासे गुंडाळायला रद्दी लागते. बाकीच्या बाया वर्तमानपत्र घ्यायच्या. ही रद्दीवाल्याला सांगून वकिलांची, कचेरीची रद्दी घ्यायची. नेम एकच, कागद वाचल्याशिवाय त्यात मासा बांधायचा नाही. वाचून जो निरुपयोगी ठरला त्यात मासा. जो कामाचा ठरला तो घरी, अन् त्याच्या कडेला निळ्या पेन्सिलीनं तिची टीप. गिऱ्हाईक खोळंबायचं, कुरकुरायचं, पण जायचं नाही. एक तर आमचा मासा ताजा असे, दुसरं म्हणजे फुकटात कायदा कळे. चंद्रपूरचे एक वकील दर रविवारी यायचे. एकदा घरी जाऊन त्यांनी मरळ माशाचं पुडकं सोडलं, तर आतल्या कागदावर त्यांच्याच एका जुन्या केसची नक्कल, अन् कडेला तिच्या अक्षरात लिहिलेलं: 'इथं वकील झोपला होता.' पुढच्या रविवारी ते कागद हातात घेऊनच आले. मला वाटलं आता भांडण. ते म्हणाले, "बाई, खरंच झोपलो होतो हो. त्या दिवशी जेवण जास्त झालं होतं."

तेव्हापासून ते मासा घेऊन झाल्यावर घटकाभर तिच्यापुढं उकिडवे बसायचे. मी खवले काढत ऐकायचो. निम्मं डोक्यावरून जायचं. पण एक शब्द तिनं माझ्या डोक्यात खिळ्यासारखा ठोकला होता. तो म्हणजे 'शकेल'.

"सरकारचा कागद वाचा," ती म्हणायची. "आपल्यावर आलं का 'करील', 'भरील', 'देईल'. सरकारवर आलं का 'करू शकेल'. करील म्हणजे कराच लागते. शकेल म्हणजे मनात आलं तं. गळाले मासा लागू शकेल, तसं. तेवढ्यावर कोणी चूल पेटवते का?"

घरातही तेच. मी म्हटलं, संध्याकाळी लवकर येऊ शकतो, की लगेच, "येसान का येऊ शकसान? भात कोणत्या हिशोबानं टाकू?" मी चिडायचो. चारचौघांत म्हणायचो, ही माझं डोकं खाते. आता वाटतं, खाऊन खाऊन थोडं उरलं होतं ते तरी तिनं कामाचं करून ठेवलं.

दुसरी तिची आवड म्हणजे 'परंतु'. कायद्यात आधी मोठं कलम येतं अन् खाली 'परंतु' म्हणून एक बारीक ओळ असते. ती आधी तीच वाचायची. म्हणायची, "मासा वरून केवढा बी असो, काटा परंतुत राह्यते."

अन् कंपनी. कंपनीवर तिचं वेगळंच होतं. ती वकिलांना विचारायची, "कायद्यात कंपनीले माणूस म्हणते, खरं का?"

"हो बाई. कायद्याच्या नजरेत ती व्यक्ती आहे."

"मंग तिले आईबाप?"

"भागधारक म्हणा."

"लेकरं?"

"उपकंपन्या असतात."

"अन् मराण?"

वकील हसले. "मालक मेले तरी ती राहते, बाई. बंद करावी लागते, आपोआप मरत नाही."

तिनं बराच वेळ पाटावरचं पाणी निपटलं. मग म्हणाली, "ज्याले मराण नाई अन् अंगठा नाई, ते आपल्याजवळ आपला अंगठा मागाले येते. देताना पाहून द्या म्हणाव."

असं म्हणणाऱ्या बाईच्या नवऱ्यानंच अंगठ्याच्या जागी सही ठोकून दिली, हे आता सांगितलंच पाहिजे.

कोळसा धुण्याचा कारखाना आमच्या तलावाच्या वरच्या अंगाला आला. त्याला वॉशरी म्हणतात. तेव्हा मी मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष होतो. अध्यक्ष म्हणजे काय, बैठकीला सतरंजी मीच झाडायचो. कंपनीचा मॅनेजर एक दिवस गाडी घेऊन आला, मला खुर्ची दिली, चहा दिला. म्हणाला, "उन्हाळ्यात तुमचा तलाव आटतो ना? आम्ही पाणी सोडू." एक कागद पुढं केला. त्यावर, तलावात पाणी सोडण्यास संस्थेची हरकत नाही, एवढंच. मला वाटलं, यात हरकत घेण्यासारखं काय आहे? पाणी सोडणार, मासे वाढणार. बायकोला विचारून सांगतो म्हणायची मला लाज वाटली. गावात आधीच म्हणायचे, ह्याची अक्कल बायकोच्या बटव्यात असते. सही केली.

घरी येऊन मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सूप तसंच हातात राहिलं.

"कोणतं पाणी?"

"पाणी म्हणजे पाणी. पाण्याले का जात असते?"

"कोयला धुतलेलं का न धुतलेलं?"

ते मी विचारलंच नव्हतं. ती उठली, सूप भिंतीला लावलं अन् म्हणाली, "तुमी तलावात पाणी सोडू नाई देल्लं. तलावावर पाणी सोडलं तुमी." त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. भात वाढायची, बोलायची नाही. आम्हा ढिवरांची बारा-पंधरा घरं त्या एका तलावावर जगत होती. दुसरं काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातली नोटीस घेऊन आली. वॉशरीबद्दल लोकांचं म्हणणं ऐकायला तालुक्याच्या शाळेत सुनावणी होती.

"सदरा धुवा," ती म्हणाली. "जाऊ."

शाळेच्या हॉलमध्ये पुढं खुर्च्यांवर कंपनीवाले, मागं सतरंजीवर आम्ही. टेबलापाशी मोठे साहेब, त्यांच्या बाजूला लिहून घेणारा बाबू, दोघंही पुण्याकडचे. मॅनेजरनं नवीन मशीनचं चित्र दाखवलं. काळं पाणी आत जातं, आरशासारखं बाहेर येतं, देशात असं तंत्र पहिलंच, वगैरे. मग साहेबांनी अटी वाचल्या. पाणी खराब निघाल्यास शासन ते बंद करण्याचा आदेश देऊ शकेल. शासन वेळोवेळी पाहणी करू शकेल.

ती उभी राहिली. "साहेब, दोन जागी शब्द बदला लागते."

"बाई, आधी नाव सांगा."

"नाव मंग लिवा. आधी शब्द लिवा. शकेल काढा."

साहेब चांगले होते. समजावून म्हणाले, "बाई, सरकारला अधिकार राखून ठेवावा लागतो. ठेवला म्हणजे प्रत्येक वेळी वापरलाच पाहिजे असं नसतं."

"राखून ठेवा ना. पण मी मासे विकते, साहेब. ठेवलेला मासा अन् ठेवलेला अधिकार, दोन्ही दुसऱ्या दिवशी वास मारते."

हॉल हसला. साहेबही हसले. मॅनेजर मात्र तडकला. "म्हणजे यांना प्रगतीच नको. नवीन काही आलं की विरोध."

"कोण म्हणते? मले तुमची मशीन आवडली," ती म्हणाली, अन् ते खरं होतं. आमच्या रस्त्यावर नायलॉनचं जाळं पहिल्यांदा तिनं आणलं, बर्फाचा थर्माकोलचा डबा तिनं आणला, तेव्हा जुने लोक तिला हसले होते. "पण नवा जाळा कोणी बी आधी डबक्यात टाकून पाह्यते का नाई? तुमच्या आवारात एक टाकी बांधा. तुमचं आरशासारखं पाणी भरा. त्यात आमची बोटुकली सोडा." बोटुकली म्हणजे माशाची बोटाएवढी पिलं. "तीन वर्षं पाहू. जगली तं सोडजा तलावात, मीच नारळ फोडीन. पण पह्यली चूक तुमच्या टाकीत होऊ द्या, आमच्या तलावात नको."

साहेबांनी मॅनेजरकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "हे लिहून घ्या. टाकी, तीन वर्षं. आणि पाहणीचं काय म्हणता, बाई? शकेलच्या जागी काय लिहू?"

"करीन लिवा."

"करीन?"

"हो, करीन. दर महिन्याच्या एक तारखेले करीन. न चुकता करीन."

"आणि एखादा महिना चुकला तर?"

"चुकला तं संपलं समजा!"

बाबूनं खाली मान घालून भराभर लिहिलं. साहेब खूश झाले. आम्ही तर टाळ्या वाजवल्या. येताना रस्ताभर बाया म्हणत होत्या, सरकारला दर महिन्याला यायला लावलं, अशी बाई पाहिली नाही. मी तिच्या मागून चालत होतो. माझ्या सहीची लाज थोडी उतरली होती.

दोन महिन्यांनी हुकूम आला. ती उंबऱ्यावर बसून वाचायला लागली. एकदा वाचला, पुन्हा वाचला. तिसऱ्यांदा बोट ठेवून वाचला.

"काय झालं?" मी विचारलं.

तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं. शासन आदेश देऊ शकेल, ते तसंच. शासन वेळोवेळी पाहणी करू शकेल, तेही तसंच. अन् पुढं: 'संस्थेचा प्रतिनिधी दर महिन्याच्या एक तारखेस टाकीची पाहणी करून नोंदवहीत नोंद करील. एकही महिना पाहणी न झाल्यास संस्थेची हरकत संपुष्टात आली असे समजण्यात येईल.'

मला काही कळेना. "हे कुठून आलं? आपण तं सरकारनं करावं म्हटलं होतं."

"आपण 'करीन' म्हटलं होतं," ती म्हणाली.

मग उलगडलं. आमच्याकडे 'पाऊस येईन', 'तो करीन' असंच म्हणतात. पुण्याकडे 'पाऊस येईल', 'तो करील' म्हणतात. तिकडे 'करीन' म्हणजे मी स्वतः करीन. ती सरकारबद्दल बोलत होती. बाबूनं ऐकलं, बाई स्वतः करते म्हणाली. चुकला तर परवानगी संपली, असं तिच्या मनात. बाबूच्या मनात, चुकला तर बाईची हरकत संपली.

ती एकदम हसायला लागली. भिंतीला टेकून, पदर तोंडात घालून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. "साऱ्या कागदात एकच करील," ती म्हणाली, "अन् तो बी आपल्याच गळ्यात! अवो, माह्याच तोंडानं माह्यावर कायदा झाला."

मी म्हटलं, "उद्याच तालुक्याले जाऊ. सायबाले सांगू, चुकलं म्हणून."

"जाऊ, अन् तिथं तो पुन्हा शकेल लिवन. नाई. थांबा." ती पेन्सिल घेऊन बसली. भात करपला तरी उठली नाही. मग हुकमाच्या कडेला तिनं टीप लिहिली, अन् ती मला अजून पाठ आहे: 'ज्याच्यावर करील, त्याच्यासाठी गेट उघडावे लागेल.' मला समजावून सांगितलं, "सरकारले शकेल होतं, तं सरकार आलं नसतं. आपल्याले शकेल असतं, तं वाचमननं गेटवरूनच हाकललं असतं. आता आपल्यावर काम लादलं हाये. काम लादलं तं रस्ता द्याच लागते. समजलं? ओझं नोहे ते. चाबी हाये."

मला पूर्ण समजलं नाही. पण एक तारखेला धुतलेला सदरा घालून तिच्यामागं गेलो.

गेटवरचा वॉचमन सिरोंच्याकडचा, तेलुगू माणूस. मराठी लंगडत बोलायचा. पहिल्या दिवशी म्हणाला, मच्छीवाले उधर से. तिनं हुकमाचा कागद उघडून धरला अन् म्हणाली, "आज आमी मच्छीवाले नोहोत. आज आमी शासन हाओ." त्याला शासन एवढाच शब्द कळला. त्यानं सलाम ठोकला अन् गेट उघडलं. पुढं तो तिला अम्मा म्हणायला लागला. पण दर महिन्याला सलाम मात्र करायचाच.

आत टाकी. ती पदराच्या गाठीतून मूठभर कोंडा काढायची अन् पाण्यावर टाकायची. पिलं वर आली की पाहायची, रंग कसा, श्वास कसा, कोपऱ्यात तर जमा होत नाहीत. मग नोंदवही. तिनं आधी मागचं अख्खं पान वाचायचं, मग एक शब्द लिहायचा, 'जिवंत' किंवा जे असेल ते, अन् खाली अध्यक्ष म्हणून माझी सही. लिहिणारी ती, सही मी. मला वाचल्याशिवाय सही करू द्यायची नाही. मी वाचण्याचं सोंग करायचो. तिला कळायचं. म्हणायची, "डोळे ओळीवर फिरून राह्यले, मन भज्यावर हाये." गेटसमोर भज्याचा ठेला होता.

एकही महिना चुकला नाही. नाल्याला पूर होता तेव्हा ट्रॅक्टरवर बसून गेलो. तिला ताप होता तेव्हा बैलगाडीत गोधडी घालून नेलं. पोरीच्या लग्नाची तारीख नेमकी एक आली. ब्राह्मणानं सकाळचा मुहूर्त काढला, तर ही म्हणते, "दुपारचा पाहा महाराज, सकाळी पाहणी हाये." व्याही तोंडाकडे पाहत राहिले. शेवटी दुपारीच लग्न लागलं. हातापायाला हळद तशीच, पाहणी करून आली अन् मग पोरीच्या मागं उभी राहिली. पोर तेव्हा रुसली होती.

दुसऱ्या उन्हाळ्यात टाकीत पिलं मेलेली दिसली. पोटं वर. मॅनेजर म्हणाला, ऊन फार आहे, उन्हानं मेली. तिनं वहीत 'मेले' लिहिलं, मी सही केली. पुढच्या महिन्यात गेलो तर टाकीत पिलं मस्त पोहताना. मॅनेजर हसून म्हणाला, "पाहा बाई, थोडी बेशुद्ध पडली होती. सुधारली."

तिनं माझ्याकडे पाहिलं. या एका बाबतीत मी तिच्यापेक्षा शिकलेला होतो. मी जाळीनं एक पिलू उचललं. आमची पिलं सोडताना मी प्रत्येकाच्या शेपटीचा कोपरा नखानं कापला होता, आमच्यात खूण करतात तसा. याची शेपटी अख्खी. अन् आमचा रोहू होता, हा तर मिरगल होता.

"साहेब," मी म्हटलं, "बेशुद्धीत माशाची जात बी बदलते का?"

ती माझ्याकडे वळून पाहत राहिली. लग्नाला तीस वर्षं होत आली होती, पण असं कौतुकानं तिनं मला त्या दिवशीच पाहिलं. वहीत लिहिलं, 'मासे बदलले. आमचे नाहीत.' घरी येताना भज्याच्या ठेल्यावर थांबली, न विचारता भजी घेतली अन् मला वाढली.

तो मॅनेजर पुढं बदलून गेला, दुसरा आला. नव्यानं मशीनमध्ये काहीतरी बदल केला, वेगळी जाळी बसवली, चुना वाढवला. आम्ही पुन्हा शेपट्या कापून आमची पिलं सोडली, अन् ती जगू लागली. मला वाटलं, हिला वाईट वाटेल. तलावात पाणी न येऊ देण्यासाठीच तर हे सारं होतं. मी एकदा म्हटलं, "दोन-चार मेले लिवून टाक ना."

ती अशी रागावली की विचारू नका. "जिते हाये तं जिते लिवा लागते. कागद आपल्या हातात आला म्हणून आपण बी तसेच व्हाचं का? माह्यं भांडण पाण्यासंग नाई, मशीनसंग बी नाई. कोणी पाह्यलं पाह्यजे, एवढंच हाये."

मग ती महिनाअखेर आली. बाजारातून घरी आलो, तिनं टोपलं उतरवलं अन् म्हणाली, छातीत दाटल्यासारखं होऊन राह्यलं. पाणी मागितलं. मी पाणी घेऊन आलो तर ती खाटेला टेकून बसली होती अन् पेला धरायला हात पुढं येईना. घुग्घुसच्या डॉक्टरला आणेपर्यंत सारं झालं होतं. दिवस बुडायच्या आत तलावाच्या पाळीवर नेलं. नेण्याआधी पोर आली, रडली. तिनंच आईच्या कमरेची पिशवी सोडून मला दिली. त्यात चुन्याची डबी, निळी पेन्सिल, दुपारी घडी करून ठेवलेला तो कागद अन् एका पुरचुंडीत मूठभर कोंडा होता. कोंडा तिनं सकाळीच बांधून ठेवला होता.

सकाळी मी उठलो, तोंड धुतलं, दोरीवरचा सदरा काढला. तिनं धुतलेला शेवटचा.

मोठा भाऊ अंगणात बसला होता. "सुतकात कुठी निघाला?"

"वॉशरीत."

"याड लागलं का? काल बायको जाळली. लोकं तोंडात शेण घालतीन. एक दिवस नाई गेला तं चालू शकते."

"शकते नाई भाऊ," मी म्हटलं. "कागदावर करील हाये."

पोर ओसरीत बसली होती. ती उठली, माझ्या सदऱ्याची वरची गुंडी लावली.

चालत गेलो. गेटवर वॉचमननं माझ्या मागं रस्त्यावर पाहिलं. "अम्मा?"

"अम्मा नाई."

मग त्यानं टोपी काढून काखेत धरली अन् दुसऱ्या हातानं सलाम केला. मी पहिल्यांदाच एकटा त्या गेटातून आत गेलो.

टाकीवर पुरचुंडी सोडली. कोंडा पाण्यावर पसरला, घटकाभर काहीच नाही. मग खालून एक आलं, दोन आली, मग सारी. शेपट्यांचे कोपरे कापलेले. आमचीच.

वॉचमननं वही आणली. मी सरळ सहीच्या जागी पेन नेला अन् थांबलो. मागचं पान उलटलं. तिचं अक्षर होतं. वरून सुरुवात केली, बोट ठेवून, एकेक शब्द जोडत. ऊन टाकीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर आलं तेव्हा कुठं पान संपलं. या वेळी सोंग नव्हतं. वॉचमन टोपी काखेत धरून उभाच होता.

मग आजच्या तारखेसमोर लिहायचं होतं. तो शब्द मी कधी लिहिला नव्हता. ज काढला अन् अडलो.

"पह्यली वेलांटी का दुसरी?" मी वॉचमनला विचारलं.

त्याला कसं माहीत असणार? त्यानं मान हलवली. मी मागच्या पानावर तिचं पाहून, एकेक अक्षर उतरवत, 'जिवंत' लिहिलं. ते पुन्हा एकदा वाचलं. अन् मग खाली सही केली.